नारळाचं बोलावणं

पारोळ्यात भागाबाईला कुणी "रोजाने येतेस का?" असं विचारलं असतं, तर तिने त्या माणसाला ओट्यावरूनच परत धाडलं असतं आणि वर आठवडाभर गल्लीत त्याची उणीदुणी काढली असती. मांडे करणारीला रोज विचारायचा नसतो हो! तिला नारळ द्यायचा असतो. लग्नघरची एखादी बाई यायची, भागाबाईला पाटावर बसवायची, ओंजळीत नारळ ठेवायची आणि म्हणायची, "अमक्या दिवशी आमच्याकडे या." झालं. त्यापुढे अक्षर बोलायचं नाही. काम आटोपलं की लुगडं-पोलकं आणि एक पाकीट हातात पडायचं. त्या पाकिटाला कुणी मजुरी म्हटलेलं तिला खपत नसे. तो आहेर.

ज्यांनी खापराचे मांडे कधी पाहिले नाहीत त्यांना हा ताठा कळायचा नाही. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत न्यायचा, मनगटापासून कोपरापर्यंत, इतका की आरपार दिवा दिसावा, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकायचा. फाटला तर पुरण जळतं आणि चार बायका हसतात. लाटणं नाही, पोळपाट नाही. सगळा खेळ दहा बोटांचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर भागाबाईचे मांडे खाल्लेला माणूस दुसऱ्या कुणाचे पानात घेताना नाक मुरडायचा.

ही विद्या तिला सासूने दिली, झुंबरबाईने. विद्येबरोबर ताठाही दिला. "रोजानं गयी तर हात बशी जाई," असं म्हातारी बजावायची. मजुरीला गेलीस की हाताची कळा जाते. आणि नारळ का मोठा, तेही तिने सुनेला गोष्टीतून सांगितलं होतं. झुंबरबाई तरणी असताना एका लग्नघरी मांडे करत होती, तेव्हा सरपणातून विंचू निघून तिला डसला. त्या घरच्यांनी लग्न बाजूला ठेवून तिला गाडीत घालून वैद्याकडे नेलं. विष उतरेपर्यंत आपल्याच घरी ठेवून घेतलं, आणि घरधनीण, दागिन्यांनी मढलेली बाई, तिचे पाय चेपत बसली. कुणी सांगितलं होतं तिला? कुणी लिहून घेतलं होतं? नारळ दिला म्हणजे सांभाळणं आलंच. भागाबाईच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं होतं की त्यावर कधी बोलायची वेळ येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

युवराज हा त्याच गल्लीतला. आधी लग्नांत पाणी वाढायचा, मग आचाऱ्याच्या हाताखाली राहिला, आणि बघता बघता केटरर झाला. टेम्पो आला, गणवेशातली पोरं आली, धुळे रोडवरच्या लॉनमधली मोठमोठी लग्नं मिळायला लागली. हुशार माणूस. शहरातल्या पाहुण्यांना गावाकडचं काहीतरी समोर घडताना पाहायला आवडतं, हे त्याने बरोबर हेरलं. म्हणून जेवणाच्या मांडवात एका कोपऱ्यात रंगीत छत्री लावून तो भागाबाईला बसवू लागला. पाहुणे मोबाइल काढून तिचे हात टिपायचे. कुणी म्हणायचं, "आजी, जरा इकडे बघा ना!" भागाबाई बघायचीही. खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

पण युवराजने रीत मोडली नाही, हे सांगायलाच हवं. प्रत्येक हंगामाला त्याची बायको कामिनी नारळ घेऊन यायची, "मावशी, या बरं का," म्हणायची. नवरा पुना वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला, त्याचा फोन सणावारी. घरात ती आणि सून कोकिळा, तिच्या हाताखाली मांडे शिकणारी. युवराजच्या लग्नांवर दोघींचं बरं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र भागाबाईला खुपायची. लॉनवाले धूर होऊ देत नाहीत म्हणून युवराजने लाकडं बंद करून खापराखाली गॅसची भट्टी आणली. आणि फोटोत शोभावी म्हणून तिला शिवलेली नऊवारी नेसायला दिली, हिरवीगार, चकचकीत, अंगाला न लागणारी. भागाबाई आयुष्यभर सुती लुगडं नेसलेली.

"अरे, गॅस अंगवर येस," ती म्हणाली.

"मावशी, जमाना बदलला," युवराज हसला. "तुम्ही नुसतं बसायचं, बाकी माझ्यावर सोडा."

त्याच्यावर सोडलं.

त्या संध्याकाळी नवरी यायच्या आधीच तिला भट्टीच्या नळीपाशी गॅसचा वास आला. तिने वाढप्या पोराकरवी युवराजला निरोप धाडला. युवराज वरातीच्या गडबडीत होता. "होतो थोडा वास, नवी शेगडी आहे," असा उलटा निरोप आला. भागाबाईने मांडा हातावर घेतला, कोपरापर्यंत वाढवला, आणि तो खापरावर टाकायला पुढे वाकली तेवढ्यात भट्टीखालून जाळ उसळला. सुती असतं तर जळून गळून पडलं असतं. ते चकचकीत कापड वितळून तिच्या हातांना चिकटलं. वाजंत्री चालू होती. आधी कुणाला ऐकूच आलं नाही.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात ती किती दिवस पडून होती ते तिला आठवत नाही. कोकिळा उशाशी बसलेली आणि पंखा घरघरतोय, एवढंच आठवतं. पहिल्या दिवसांत युवराज केळ्यांचा घड घेऊन आला, डोळे पुसले, "मावशी, घरचंच आहे सगळं, काळजी करू नका," म्हणाला. तिला खरंच बरं वाटलं. झुंबरबाईची गोष्ट आठवली.

जखमा भरल्या, पण कातडी भरताना आखडली. दोन्ही हातांची बोटं तळव्याकडे ओढली गेली आणि तशीच राहिली, मुठी अर्धवट वळलेल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून बोटं मोकळी करता येतील, पण ते इथे होत नाही, मोठ्या शहरात खाजगीत करावं लागेल. आणि लवकर करा. सांधे एकदा धरले की मग देव आला तरी उघडायचे नाहीत.

भागाबाईला जगात आता एकच गोष्ट हवी होती, बोटं उघडायला हवी होती. मांड्यांचं राहू द्या हो. तिला घास घेता येत नव्हता. वेणी घालता येत नव्हती. सकाळी सून तिचं लुगडं नेसवायची, आणि त्या वेळी म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, कारण सुनेच्या तोंडाकडे बघायची तिला लाज वाटायची. जिच्या हातांचे लोकांनी फोटो काढले, तिला नाक पुसायला दुसऱ्याचा पदर लागत होता.

ती युवराजची वाट बघत राहिली. तो येईल, गाडी आणेल, मोठ्या दवाखान्यात नेईल. "नारय देयेल शे त्यानी," ती कोकिळाला सांगायची. कोकिळा धुळ्याची, चार बुकं शिकलेली, जिभेला धार असलेली. "आत्या, नारळ खाऊन झाला, करवंटी चुलीत गेली. तो काय येत नाही." युवराजने आधी "बघू" म्हटलं, मग "हंगाम संपू द्या" म्हटलं, मग फोन कामिनी उचलू लागली, मग कुणीच उचलेना. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय!

शेवटी कोकिळाच सासूला एस.टी.त घालून जळगावला घेऊन गेली, वकिलाकडे. वकील तरुण होती, प्रज्ञा सुरवाडे, वरणगावची. वडील तिथल्या कारखान्यात कामाला. बोलायला सरळ. तिने भागाबाईचे हात आपल्या हातात घेऊन नीट पाहिले. एवढ्यानेच भागाबाईचे डोळे भरून आले.

"काही लिहिलेलं आहे का तुमच्यात नि त्यांच्यात?" प्रज्ञाने विचारलं.

"काहीच नाही," कोकिळा म्हणाली.

"हरकत नाही. सगळं लिहावं लागतं असं नाही, आजी. एखाद्याला कामाला ठेवलं की काही गोष्टी बोलल्या नाहीत तरी कायदा त्या धरून चालतो. काम करायला दिलेली वस्तू धड असली पाहिजे, माणसाला कामात इजा झाली तर मालकाने भरपाई देऊन निस्तरलं पाहिजे. त्याला गर्भित अटी म्हणतात. तोंडाने म्हटल्या नाहीत तरी करारात असतातच."

भागाबाईचा चेहरा उजळला. "म्हणजे मांडामजारना पुरणसारख्या. वरतून दिसत नई, पन ऱ्हातस."

प्रज्ञा हसली. "अगदी तसंच. फक्त आधी मांडा पाहिजे. तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात, एवढं एक सिद्ध झालं पाहिजे. कोर्टात विचारतील तेव्हा सांगायचं, मी यांच्याकडे कामाला होते. हे सांगतील ते काम मी करायची. बस."

"सांगसू," भागाबाई म्हणाली. तिने ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं होतं ते वेगळंच. तिला एवढंच कळलं की न बोललेलं कायद्यालाही कळतं. म्हणजे नारळही कळेल.

येताना एस.टी.त कोकिळा तिला पढवत राहिली. "आत्या, मजूर म्हणा. तोंड वाकडं करू नका. एकदा मजूर म्हटल्याने काय अंग झिजतंय?" भागाबाई खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसली.

तारखा पडत गेल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ज्याची बोटं उघडत नाहीत त्याने कुठली पायरी चढावी, हे काही कुणी सांगून ठेवलेलं नाही. एकेका तारखेला तिची बोटं थोडी आणखी आत जात होती.

युवराजची साक्ष आधी झाली. पांढरा शर्ट घालून आला होता, मान खाली. "त्या आमच्याकडे कामाला नव्हत्या, साहेब. मानाने यायच्या. आमच्या घरच्यासारख्या आहेत." हे म्हणताना तो काही नाटक करत नव्हता. याचंच तर मला जास्त वाईट वाटतं. चोर असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

मग भागाबाईला उभं केलं. युवराजचे वकील वयस्क, मधाचं बोट लावून बोलणारे. त्यांनी आधी तिला हात जोडले.

"अक्का, माझ्या पुतणीच्या लग्नात तुमच्या हातचे मांडे खाल्लेत मी. अजून चव आहे जिभेवर. मला सांगा, तुमच्यासारख्या मानाच्या बाईला कुणी मजुरीवर ठेवतं का?"

कोकिळा मागच्या बाकावरून टक लावून बघत होती. प्रज्ञाने पेन उचललं. भागाबाईने समोर पाहिलं. न्यायाधीश साहेब तिच्याकडेच बघत होते, शांतपणे. तिला वाटलं, हाच तो क्षण. आता धडधडीत सांगून टाकावं. मजूर म्हटलं तर काय, मजूर आज आहे, उद्या नाही. हिशेब मिटला की संबंध मिटला. पण नारळ म्हटलं की या माणसाला सुटायला जागा उरणार नाही.

"नई साहेब," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. "मी मजूर नई शे. माले नारय दिसन बलावतस."

"आणि ते पाकीट? तो पगार ना?"

"पगार कसाना? आहेर."

"एखाद्या वेळी दिलं नसतं तर?"

"तरी गयी असतू. नारय लिधा व्हता ना."

वकील खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचंच नव्हतं. तेव्हा साहेबांनी स्वतः विचारलं, "बाई, नीट विचार करून सांगा. तुम्ही यांच्याकडे कामाला होतात की नव्हतात?" त्यांनी तिच्यासाठी दार अजून किलकिलं ठेवलं होतं. आणि तिने काय करावं! तिने झुंबरबाईची सगळी गोष्ट सांगितली. विंचू, गाडी, वैद्य, पाय चेपणारी घरधनीण. साहेबांनी मध्ये टोकलं नाही. बोलून झाल्यावर ती युवराजकडे वळली आणि म्हणाली, "तूच सांग रे भाऊ, नारय देयेल व्हता का नई?"

"दिला होता, मावशी," युवराज म्हणाला.

भागाबाईला वाटलं, आपण जिंकलो. प्रज्ञाने पेन खाली ठेवलं होतं. टंकलेखकाने लिहून घेतलं त्यात विंचू नव्हता, घरधनीण नव्हती. अर्जदार मजूर म्हणून कामाला नव्हती असे ती स्वतः कबूल करते, एवढंच होतं.

निकाल विरुद्ध लागला त्या दिवशी बाहेर लिंबाच्या झाडाखाली प्रज्ञाने तिला समजावून सांगितलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात, थकवा होता. "आजी, न बोललेल्या अटी कायदा धरतो, पण त्या कशात तरी धराव्या लागतात. भिंत असली तर खुंटी ठोकता येते. तुम्ही भिंतच नाही म्हणालात."

"पन नारय…"

"नारळ कायद्याला कळत नाही, आजी."

"वर अपील नाही का?" कोकिळाने विचारलं.

"करता येईल. पण यांचंच म्हणणं यांच्या विरोधात उभं राहणार. दुसरा दावा लावता येतो, निष्काळजीपणाचा. त्यात वर्षं जातील. आणि ती भट्टी कधीच भंगारात गेली, दाखवायचं काय?" मग ती खाली बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते लवकर."

बोटांचं लवकर तर केव्हाच होऊन गेलं होतं. त्या तिघींनाही ते माहीत होतं.

घरी आल्यावर कोकिळाने भांडी आदळली, आणि चुलीपाशी बसून भडाभडा बोलली. "सगळं जग पोटासाठी खोटं बोलतं, आणि तुम्हाला एक खरा शब्द बोलवला नाही! मजूरच होता तुम्ही. मजूरच! ते फोटो, तो मान, ती हिरवी साडी, सगळी मजुरी होती. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला तुम्ही." बोलता बोलता तिला आठवलं की म्हातारीला सकाळपासून कुणी घास भरवलेला नाही. ती रडत उठली आणि ताटात भाकरी कुस्करू लागली.

भागाबाईने दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "तुन्ही गोट खरी व्हती." तुझं खरं होतं. उभ्या आयुष्यात तिने सुनेला असं कधी म्हटलं नव्हतं. कोकिळाला त्याचा आनंद झाला नाही.

हंगाम परत आला. आखाजीच्या आधी एका सकाळी दारात स्कूटी थांबली. कामिनी. हातात पिशवी. आत येऊन भागाबाईच्या पाया पडली, तब्येत विचारली, कशी आहे ते समोर दिसत असून विचारली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या घराची कला आहे, ती बंद पडायला नको. कोकिळाला येतं ना आता? धुळे रोडला लग्न आहे." आणि पिशवीतून नारळ काढला.

भागाबाई ताठ बसली. "नारय नको," ती म्हणाली. "तिले मजूर म्हन. रोज लाव, हजेरी लाव, चार मानसंसमोर सांग का ही आमनाकडे कामले शे. मंग येई ती."

कामिनीला खरंच धक्का बसला. "असं काय बोलता, मावशी! तुमच्या घराण्याचा मान आहे तो. आम्ही काय परके आहोत?" आवाज न चढवता तिने पुढचं सांगितलं. "नसेल जमत तर राहू द्या. तानुबाईलाही मांडे येतात, बोलावलं तर येईन म्हणालीय." आणि जुन्या रीतीप्रमाणे, घरातल्या मोठ्या बाईचा मान म्हणून, तिने नारळ भागाबाईच्या ओंजळीत ठेवला.

ओंजळ कुठली व्हायला? वळलेल्या बोटांवरून नारळ घसरला, ओट्यावर आपटला आणि गडगडत उंबऱ्याशी गेला. तिथे कोकिळा उभी होती. तिनेच सासूला कोर्टात नेलं होतं, तिनेच मजूर म्हणा, मजूर म्हणा म्हणून घसा कोरडा केला होता. तिने एकदा सासूकडे पाहिलं. मग वाकून नारळ उचलला, पदराने पुसला आणि कपाळाला लावला.

"येईन म्हणा," ती कामिनीला म्हणाली.

कामिनीने तिला कुंकू लावलं आणि जाताना पिशवी तिथेच ठेवली. पिशवीत घडी घातलेली हिरवी नऊवारी होती, चकचकीत.

स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर भागाबाईने हाक मारली. "कोकिळा. ते लुगडं नको नेसू व माय. मन्हं सुती नेस."

"तेच नेसावं लागेल, आत्या."

"ती तसं बोलनी का?"

कोकिळाने साडी पिशवीतून काढली आणि खुंटीला लावली.

"बोलायला कशाला लागतं?"